मधल्या वीस फुटांची भानगड

आमच्या देवगडच्या काकूला सहा महिने संडासला डांबरासारखं काळं होत होतं, हिमोग्लोबिन ६ वर आलं, दोनदा रक्त चढवलं, दुर्बीण वरून घातली नॉर्मल, खालून घातली नॉर्मल. लोहाच्या गोळ्यांनी पण काळंच होतं, त्यामुळे आधी सगळे तेच म्हणत बसले!

पण दोन्ही नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल असं नसतं. वरची दुर्बीण जठराच्या थोडी पुढे जाते, खालची मोठं आतडं बघते, आणि मधलं लहान आतडं, जवळजवळ वीस फूट, होडीत टाकलेल्या जाळ्यासारखं गुंतलेलं, ते राहूनच जातं. पचनमार्गातल्या रक्तस्रावाचे साधारण ५ टक्के तिथले.

लवचिक दुर्बीण १९५७ मध्ये आली, पण ती तिथे पोचेना. १९६३ पासून अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिनीत रंग सोडून एक्स-रे काढणं, होती, पण त्यात दिसायला मिनिटाला अर्धा मिली तरी रक्त वाहत असायला हवं, आणि हे रक्त वाहतं, थांबतं, परत वाहतं, आमच्याकडून घाट चढून कोल्हापूरला जाईपर्यंत तर हमखास थांबलेलं असतं. मग शेवटचा उपाय म्हणजे पोट उघडायचं आणि सर्जनने हातांनी आतडं दुर्बिणीवर ओढत न्यायचं.

हे बदललं ते मिसाइलच्या कॅमेऱ्यांवर काम करणाऱ्या इस्रायलच्या गॅव्ह्रिएल इदान या इंजिनिअरमुळे. गिळायचा कॅमेरा, २६ मिमी लांब, सेकंदाला दोन फोटो, आठ तासांत पन्नास हजारांवर. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं, २००१ मध्ये अमेरिकेत मंजुरी. त्याच सुमारास जपानच्या यामामोतोंनी दोन फुग्यांची दुर्बीण आणली, आतडं बाहीसारखं गोळा करत पुढे सरकणारी. कॅप्सूल नुसती बघते, तुकडा घेणं किंवा डाग जाळणं या दुर्बिणीचं काम.

सापडतं काय? म्हाताऱ्यांत बहुतेक फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या, तरुणांत मेकेलची पिशवी (लहान आतड्याला जन्मतःच असलेला फुगवटा), क्रोन्स (आतड्याला सूज आणि अल्सर आणणारा जुनाट आजार), गाठी. आपल्याकडे टीबी आणि बागेत अनवाणी फिरणाऱ्यांच्या तळव्यातून शिरणारे हुकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त पिणारे जंत, पण धरायचे. टीबीने आतडं अरुंद झालं असेल तर कॅप्सूल अडकते, म्हणून त्याआधी सीटी करतात.

काकूच्या आतड्यात अल्सर निघाले, गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं खाल्लेल्या पेनकिलरचे. कॅप्सूल गिळून, तिचे फोटो टिपून ठेवणारा पट्टा कंबरेला बांधून दिवसभर बसली होती, आणि तिचा एकच प्रश्न, "ह्या परत देवचा लागता काय रे?"