ऑक्सिजनमधले सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले नसतात

सदाशिव पेठेत अकरावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते, आणि दरवर्षी वहीत तेच चित्र असतं, दोन ओ, मधे दोन रेघा, बाजूला ठिपक्यांच्या जोड्या, आणि त्यावरून पोरं ठामपणे सांगतात की ऑक्सिजनमधे एकही इलेक्ट्रॉन एकटा नाही. हे चूक आहे.

तसं असतं तर ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला गेलाच नसता, कारण ही ओढ एकट्या इलेक्ट्रॉनमुळे येते. पण उणे 183 अंशांखाली थंड केलेला लिक्विड ऑक्सिजन (फिकट निळा, फार सुंदर दिसतो) तगड्या चुंबकाच्या दोन टोकांमधे ओतला की तिथेच अडकून राहतो, लिक्विड नायट्रोजन मात्र सरळ खाली पडतो.

इलेक्ट्रॉन एकटे का राहतात, याचं कारण मॉलेक्युलर ऑर्बिटलमधे आहे, म्हणजे अख्ख्या रेणूत इलेक्ट्रॉन बसायच्या जागांमधे. एकूण 16 इलेक्ट्रॉन, खालून भरत गेलं की शेवटी दोन उरतात आणि समोर सारख्याच एनर्जीची दोन अँटीबॉन्डिंग (बॉन्ड कमजोर करणारी) पाय (π) ऑर्बिटल्स, मग स्वारगेटच्या बसमधे दोन बाकं रिकामी असली की अनोळखी माणसं कशी एकेका बाकावर बसतात, तसे हे वेगवेगळे बसतात. 1929 मधे लेनर्ड-जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे मांडून दाखवलं.

डबल बॉन्ड मात्र खराच हं, बॉन्डिंगमधे (बॉन्ड घट्ट करणाऱ्या जागांमधे) 10, अँटीबॉन्डिंगमधे 6, फरकाचा निम्मा 2, म्हणजे दोन बॉन्ड. आणि मला सगळ्यात आवडतं ते हे, की ऑक्सिजनमधून एक इलेक्ट्रॉन काढला तर तो अँटीबॉन्डिंगमधला जातो, म्हणून बॉन्ड कमजोर न होता उलट घट्ट होतो, लांबी 121 पिकोमीटरवरून 112 वर येते.