गंज थांबला, पण जस्त गेलं कुठे?

जीआय पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. त्यावर ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं पडलं, तरी तिथे लाल गंज लगेच धरत नाही. शेजारचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. रंग फक्त पांघरूण घालतो, जस्त लोखंडाच्या जागी स्वतः खर्ची पडतं. म्हणूनच पत्रा किती टिकेल आणि पर्यावरणाला तो किती महाग पडेल, हे प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची रीत पॉल जाक मालुआं यांनी 1742 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. ती का चालते, याचा उलगडा बराच नंतर झाला. 1824 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळावरचा तांब्याचा पत्रा जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडून वाचवून दाखवला. 1837 मध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या रीतीचं फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. पुढे सुमारे शतकभर पत्रे सुटे सुटेच बुडवले जात. मुलाम्याखाली लोखंड-जस्ताचा जाड, ठिसूळ थर बसे आणि पत्रा वाकवला की पापुद्रे निघत. 1930 च्या दशकात तादेउश सेंजिमिर यांनी अखंड पट्टी जस्तातून ओढण्याची पद्धत रूढ केली. जस्तात चिमूटभर अॅल्युमिनियम असलं की तो ठिसूळ थर वाढत नाही. आज पत्र्यावर झेड-275 अशी प्रत लिहिली असेल, तर त्याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त. एका बाजूला जेमतेम 20 मायक्रॉन, केसाहूनही पातळ.

हा थर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन स्वतःवर कार्बोनेटची घट्ट साय धरतो. नवे पत्रे ओले असताना थप्पी लावून ठेवले, तर हवेअभावी साय धरत नाही आणि मधल्या फटीत पांढरा, भुकटीसारखा गंज येतो. तो टाळायला कित्येक वर्षं षट्संयुजी क्रोमियमचा (सहा संयुजा असलेल्या क्रोमियमचा) लेप दिला जाई. हे क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून विद्युत उपकरणांत त्यावर कडक मर्यादा घातली आणि त्रिसंयुजी क्रोमियमकडे किंवा क्रोमियमविरहित लेपांकडे वळण्याला जोर आला.

कार्बोनेटच्या सायीचा मोठा शत्रू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. कोळशाच्या धुरातला हा वायू ओलाव्यात आम्ल बनतो आणि साय विरघळवतो. युरोपातल्या हवेत तो घटत गेला तशी जस्ताची झीजही मंदावली. तरी पाऊस थोडं जस्त नेतोच. माणसाला जस्त आवश्यक आहे, पण पाण्यात विरघळलेलं जस्त शेवाळ आणि बारीक जलचरांना थोड्या प्रमाणातही बाधतं.

झीज कमी करायची तर मिश्रधातू हवा. 1972 मध्ये बेथलेहेम स्टीलने 55 टक्के अॅल्युमिनियमचा मुलामा बाजारात आणला. त्यात आधी जस्त झिजतं आणि अॅल्युमिनियमची जाळी मागे उरते. मात्र कापलेल्या कडेला शुद्ध जस्ताइतकी राखण तो करत नाही. ही उणीव मॅग्नेशियमने बरीच भरून काढली. मॅग्नेशियम असलेल्या मुलाम्यावरची गंजाची साय दाट असते, शिवाय ती कडेवरही पसरते. त्यामुळे तेवढ्याच आयुष्याला पातळ थर पुरतो.

पत्रा भंगारात गेला की त्यावर उरलेलं जस्त विद्युत भट्टीत वाफ होऊन धुळीत उतरतं आणि त्या धुळीतून ते परत काढता येतं. पावसाने नेलेलं मात्र मातीत आणि गाळातच राहतं.