गोड-मसालेदार अंबर परफ्यूम: पार्श्वभूमी

परफ्यूममधला गोड अंबर हा कुठलाही एक पदार्थ नाही. लॅबडेनम (एका झुडपाची राळ), लोबान आणि व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलिन यांच्या मिश्रणातून तो बांधला जातो. 1868 मध्ये टोंका बियांतले गोड वासाचे कुमारिन आणि 1874 मध्ये व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झाल्यावर असा गोडवा स्वस्तात मिळू लागला. 1925 च्या ‘शालिमार’ या परफ्यूममध्ये त्याहून तीव्र एथिल व्हॅनिलिन आले. 1977 च्या ‘ओपियम’ या परफ्यूमने लवंग-दालचिनीचा जोर वाढवला आणि पुढचे दशक याच भरदार मसालेदार वासांचे ठरले.

आजचा खरा गोंधळ मात्र 2021 चा आहे. परफ्यूमच्या एका प्रचलित वर्गीकरणाने त्या वर्षी ‘ओरिएंटल’ (पौर्वात्य) हे कुळाचे नाव काढून ‘अंबर’ केले. जुन्या नावावरचा आक्षेप रास्त होता, कारण अनेक देशांना एकाच गूढ कल्पनेत कोंबणारे ते नाव होते. पण पर्याय चुकला. अंबर म्हटल्यावर काहींना गोड राळ आठवते, तर काहींना अँब्रॉक्सन या सुगंधी रसायनासारखा कोरडा, खारट, लाकडी वास. अँब्रॉक्सन देवमाशाच्या शरीरात तयार होणाऱ्या अंबरग्रीसच्या वासाशी जोडलेले, त्यात व्हॅनिला नाही. आता लॅबडेनमचा थेंबही नसलेली परफ्यूम याच नावाखाली बसतात. त्यामुळे घटकांच्या यादीत नुसते ‘अंबर’ वाचून काहीच ठरवता येत नाही. शेजारी लोबान, लॅबडेनम, टोंका आहे का ते पाहावे.

युरोपीय संघाने 2003 मध्ये 26 सुगंधी ॲलर्जीकारकांचा उल्लेख लेबलवर सक्तीचा केला. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीतले सिनॅमाल आणि कुमारिन त्यात होते. 2023 मध्ये ही यादी 80 च्या पुढे गेली. वापराच्या मर्यादांनीही जुनी सूत्रे बदलली, म्हणून 1980 च्या दशकातले अभिप्राय त्याच नावाच्या आजच्या बाटलीला लावू नयेत.

पारख कागदी पट्टीवर आणि त्वचेवर, दोन्हीकडे करावी. पहिली 15 मिनिटे मसाला आणि अल्कोहोल पुढे असतात, तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. तीन-चार तासांनी मागे फक्त केकची गोडी उरली, तर राळ कमी आहे. लॅबडेनम पुरेसे असेल तर किंचित कडवट, चामड्यासारखी छटा टिकते. व्हॅनिलिनमुळे द्रव कालांतराने तपकिरी होतो. तेवढ्यावरून बाटली खराब समजू नये, पण पांढऱ्या कपड्यावर मारू नये, डाग पडतो. फवारताच आंबूस वास आला, तर मात्र ती खराब झालेली असू शकते.