कुत्र्याच्या लसींची निवड

पाळीव कुत्र्याला कोणत्या लसी टोचायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे ठरवणं. नागपुरात डॉक्टरकडे प्रश्न बहुतेक 'सेव्हन इन वन का नाईन इन वन' एवढाच असतो, पण आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. सातात साधारणपणे डिस्टेम्पर, अॅडिनोचे दोन प्रकार, पार्वो, पॅराइन्फ्लुएन्झा हे विषाणू आणि लेप्टो या जिवाणूचे दोन प्रकार धरतात. त्यातला अॅडिनो मात्र बाटलीत एकच असतो, टाइप २, तोच टाइप १ च्या लिव्हरवाल्या आजारापासूनही वाचवतो. टाइप १ ची जिवंत लस पूर्वी द्यायचे, पण काही कुत्र्यांचे डोळे निळसर पडायला लागले म्हणून ती मागे पडली.

पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, तसा नवाच रोग. १९७८ च्या सुमारास तो एकदम जगभर दिसला, पण युरोपात जपून ठेवलेल्या कुत्र्यांच्या रक्तनमुन्यांत त्याच्या अँटिबॉडी त्याआधीच्या सापडल्या, म्हणजे सुरुवात १९७० च्या दशकाच्या मध्याला झाली असावी. तो मांजराच्या पॅनल्युकोपेनिया व्हायरसच्या जवळचा आहे यावर वाद नाही, वाद आहे तो कुत्र्यात आला कसा यावर. मांजराच्या लसीतूनच निसटला असंही मांडलं गेलं, पण कुठल्यातरी जंगली मांसाहारी प्राण्यामार्गे आला हे मत जास्त पटण्यासारखं आहे. बाहेरच्या कवचातले मोजकेच बदल त्याला कुत्र्याच्या पेशीत शिरायला पुरले.

पिल्लाला तीच लस परत परत का, तर आईच्या चिकातून आलेल्या अँटिबॉडी लसच निकामी करतात आणि त्या नेमक्या कधी ओसरतील ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून ६ ते ८ आठवड्यांना सुरू करून दर २ ते ४ आठवड्यांनी, शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतर. तिसऱ्या महिन्यातच 'कोर्स झाला' म्हणून थांबणं हीच मोठी चूक. पुढे डिस्टेम्पर-अॅडिनो-पार्वो तीन वर्षांतून एकदा पुरतं असं वसाव्हा (WSAVA) या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेचं म्हणणं, आपल्याकडे सवयीने दरवर्षी देतात.

रेबीजमध्ये निवडीचा प्रश्नच नाही, ती लस द्यायचीच.

खरी निवड लेप्टोची. उंदरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात उतरणाऱ्या या जिवाणूचा आजार माणसालाही होतो. वसाव्हाच्या २०२४ च्या गाइडलाइन्स म्हणतात की जिथे लेप्टो आढळतो आणि योग्य लस मिळते तिथे ती मुख्य लसींतच धरा. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाल्याचं पाणी घराघरांत शिरलं ते आठवलं तर नागपुरात ही लस सोडू नये असंच वाटतं. पहिल्यांदा २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी, कारण तिचा असर वर्षभरच धरतात, त्यामुळे पावसाच्या आधी घेतलेली बरी. बऱ्याच कंपन्यांच्या पॅकमध्ये एका बाटलीत पांढरट सुकी चकती असते, ती जिवंत लस, आणि ती ज्यात विरघळवतात ते पाणीच लेप्टोची लस असते, म्हणून कार्डावर दोन्ही बाटल्यांची स्टिकरं चिकटवलीत का ते बघावं. साठवण २ ते ८ डिग्रीत. मे महिन्यात ४५ च्या उन्हात मेडिकलमधून घेऊन गाडीच्या डिक्कीत टाकून आणलेली लस टोचून उपयोग नाही, बर्फाचा डबा लागतोच.

केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या कुत्र्यांसाठी. कुत्र्यांच्या कोरोनाची (आतड्याच्या आजाराची, कोविडची नव्हे) लस वसाव्हा सुचवत नाही, तरी नाईन इन वनमध्ये ती बऱ्याचदा असतेच.