द्राक्षबागेतील उपयुक्त संधिपाद (सोलापूर परिसर)

द्राक्षवेलीवरील किडी खाणारे किंवा त्यांच्या शरीरात वाढून त्यांना मारणारे कीटक, जाळी विणणारे व भटके कोळी आणि पानांच्या मागील बाजूस राहणारे भक्षक माइट (कोळ्यांच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीव) यांचा समूह. शेतकरी यांना सरसकट ‘मित्रकीटक’ म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात बार्शी, पंढरपूर, मोहोळ, माढा व उत्तर सोलापूर या तालुक्यांत द्राक्षशेती आहे. उत्तर सोलापूरमधील नान्नज येथील द्राक्षबागायतदार नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या सोनाका व शरद सीडलेस या जाती पुढे राज्यभर पसरल्या. बागेत ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा भक्षक कीटक), परोपजीवी गांधीलवर्गीय सूक्ष्म कीटक आणि कोळी हे गट मुख्यतः आढळतात.

या समूहाचा अभ्यास बहुतांशी पिठ्या ढेकणाच्या (मिलीबग) अनुषंगाने झाला आहे. द्राक्षावरील त्याची प्रमुख जात मॅकोनेलिकोकस हिरसुटस ही होय. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन कीटकशास्त्रज्ञ ग्रीन यांनी १९०८ मध्ये भारतातील नमुन्यांवरून केले. जातीचे मूळस्थान दक्षिण आशिया की ऑस्ट्रेलिया, याविषयी मतभेद आहेत. दक्षिण आशियाचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. हा वाद केवळ वर्गीकरणाचा नाही. परकी कीड नव्या प्रदेशात माजते ती तिचे शत्रू मागे राहिल्यामुळे, असे सामान्यतः मानतात. १९९४ मध्ये ही कीड कॅरिबियन बेटांपैकी ग्रेनाडात आढळली, तेव्हा अनागायरस कमाली हा परोपजीवी कीटक बाहेरून आणून सोडावा लागला. कीड इथलीच असेल, तर तिचे शत्रूही इथेच असले पाहिजेत. मग बागेत ते अपुरे का पडतात, हा प्रश्न उरतो. दक्षिण भारतातील द्राक्षबागांत मिलीबगचा उपद्रव बहुधा १९८० च्या दशकापासून गंभीर झाला. काही अभ्यासक त्याचे कारण दाट पानोरा, मंडप पद्धत व वेलीला विश्रांती न मिळणे यांत शोधतात, तर काही कीटकनाशकांमुळे झालेल्या शत्रुनाशात. दोन्ही कारणे एकत्र काम करतात; पण फवारणी थांबलेल्या बागांत परोपजीवी कीटक पुन्हा दिसू लागतात, हे लक्षात घेता दुसऱ्या कारणाचे वजन जास्त धरावे लागते.

याउलट क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी हा ढालकिडा निःसंशय पाहुणा आहे. १८९८ मध्ये तो ऑस्ट्रेलियातून दक्षिण भारतात आणला गेला, तोही कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण मिलीबगवर तो टिकून राहिला. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने द्राक्षावरील त्याच्या वापराचा पाया घातला. लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून त्यावर हे ढालकिडे पोसतात. हेक्टरी सुमारे ५,००० प्रौढ सोडण्याची शिफारस आढळते. सोलापूरच्या चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या कोरड्या उन्हाळ्यात त्याची संख्या आपोआप टिकत नाही, म्हणून तो पुन्हा सोडावा लागतो. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे तंतू असतात आणि ती मिलीबगसारखीच दिसते. ती कीड समजून चिरडली जाणे नेहमीचे आहे.

कीटकनाशकांचा परिणाम एकसारखा नसतो. मिथोमिल, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील औषधे व पायरेथ्रॉइड प्रौढ ढालकिडे आणि परोपजीवी कीटक स्पर्शानेच मारतात. पायरेथ्रॉइडनंतर लाल कोळी (पानांतील रस शोषणारा उपद्रवी माइट) उसळतो तो भक्षक माइट नष्ट झाल्यामुळे. ब्युप्रोफेझिन काइटिनची (कीटकांच्या कवचातील मुख्य द्रव्य) निर्मिती रोखते. त्याने प्रौढ ढालकिडा मरत नाही, पण त्याची अंडी व अळ्या वाया जातात. त्यामुळे एखादे औषध ‘सुरक्षित’ ठरवताना चाचणी कोणत्या अवस्थेवर झाली हे पाहणे आवश्यक असते. इमिडाक्लोप्रिड मुळाशी ओतले (ड्रेंचिंग) तर थेट संपर्क कमी होतो. भक्ष्यामार्फत होणारी बाधा मात्र टळत नाही. जमिनीतील जीवाणूपासून मिळणारे स्पिनोसॅड परोपजीवी कीटकांना बरेच घातक असते. मिलीबगवर पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले.

ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा व भुरीसाठी बुरशीनाशकांच्या फवारण्या एकापाठोपाठ होतात, तरी या चर्चेत त्यांची दखल कमी घेतली जाते. मॅन्कोझेब भक्षक माइटना बाधते, असे परदेशी द्राक्षबागांतील निरीक्षण आहे. गंधकाविषयीचे निष्कर्ष जुळत नाहीत. मात्रा जास्त असली की हानी दिसते, असे म्हणणे अधिक सुरक्षित.

२००३ च्या सुमारास निर्यातीच्या मालात औषधांच्या अवशेषांचा प्रश्न उभा राहिल्यानंतर अपेडाने (केंद्र सरकारचे कृषी निर्यात प्राधिकरण) अवशेष-देखरेख सुरू केली आणि पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्यातील तांत्रिक जबाबदारी आली. त्यातून काढणीपूर्व अंतराची (शेवटची फवारणी व काढणी यांत राखायचे दिवस) शिस्त बागांत रुजली. पण ही शिस्त मण्यातील अवशेष मोजते. छाटणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतील फवारण्या काढणीपर्यंत मण्यातून बहुतांशी निघून जातात. त्यांनी मारलेले मित्रकीटक अशा तपासणीत दिसणे शक्यच नाही.

मशागतीपैकी छाटणीचा आघात सर्वांत मोठा. एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन्ही छाटण्यांत वेल जवळजवळ उघडी होते आणि पानांवरचे भक्षक पानांबरोबर बागेबाहेर जातात. मिलीबग मात्र खोड व ओलांड्याच्या (खोडापासून निघणारी मुख्य आडवी फांदी) सालीखाली शाबूत राहतो. त्यासाठी सुटी साल काढण्याची शिफारस आहे. साल काढल्याने कीड उघडी पडते आणि कोळ्यांचा आसराही जातो. कीडग्रस्त काड्या जाळल्यास मिलीबगच्या आत वाढणारे परोपजीवीही जळतात. ताग, धैंचा किंवा उसाच्या पाचटाच्या आच्छादनाने जमिनीवरील भक्षकांना ओलावा व आडोसा मिळतो. टंचाईच्या वर्षी, टँकरच्या पाण्यावर बाग जगवताना, ओळींतील हिरवे पीक ठेवणे परवडत नाही व पाचटच उरते. कच्च्या रस्त्याकडेच्या ओळींत पानांवर बसणारी धूळ भक्षकांच्या हालचालीस अडथळा आणते व लाल कोळ्यास अनुकूल ठरते. मिलीबगने सोडलेल्या गोड चिकट्यावर जगणाऱ्या मुंग्या ढालकिड्यांना हुसकावतात, म्हणून प्रौढ सोडण्याआधी खोडाला चिकट पट्टी बांधून मुंग्यांची वाट बंद करतात.