कालवा, मळू नका: बिस्किटं न फुलण्याचं खरं कारण

‘बेकिंग पावडर खराब निघाली, बिस्किटं फुललीच नाहीत.’ आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. परत आलेलं प्रत्येक पाकीट आम्ही तपासतो. अर्धा कप कडकडीत गरम पाण्यात छोटा चमचाभर पावडर टाकतो. बहुतेक पाकिटं पाण्याला लागताच फसफसून वर येतात. पावडर चांगली असते, बिघाड परातीत झालेला असतो. पाकिटाच्या येण्याजाण्यात तुमचे दिवस जातात आणि नव्या पावडरीचा घाणाही तसाच बसतो. म्हणून हे पत्रक पाकिटाबरोबर देत आहोत.

इथे बिस्किट म्हणजे डब्यात महिनाभर टिकणारं कडक, चपटं बिस्किट नव्हे. अमेरिकेत ज्याला बिस्किट म्हणतात त्याबद्दल हे पत्रक आहे: बोटभर उंच, वरून सोनेरी, आतून मऊ आणि हाताने उकललं की पदर सुटणारं. त्याला अंडं लागत नाही, यीस्ट लागत नाही, पीठ आंबवावं लागत नाही. जिन्नस साधे असल्यामुळे चूक लपवायला मात्र जागा राहत नाही.

चूक कुठे होते

मैद्याला ओल लागली की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून ग्लुटेनचं जाळं विणू लागतात. जितकं मळाल तितकं जाळं घट्ट. यीस्टच्या पावाला ते हवंच असतं. तिथे गॅस तासन्‌तास हळूहळू तयार होतो आणि तो धरून ठेवायला ताणलं जाणारं पीठ लागतं. बिस्किटाचं तसं नाही. बेकिंग पावडरचा गॅस आणि बटरमधल्या पाण्याची वाफ ओव्हनमधल्या पहिल्या काही मिनिटांत जोर लावतात आणि तेवढ्यात पीठ वर उचललं जायला हवं. जाळं घट्ट असलं तर ते उचललं जात नाही. जे थोडंफार वर येतं तेही आखडून बसतं.

ज्यांचा हात पिठाला बसलेला आहे त्यांच्याकडून ही चूक जास्त होते. गोळा मऊसूत, गुळगुळीत झाल्याशिवाय त्यांचा हात थांबत नाही. बाकी सगळीकडे ही सवय उपयोगाची असेल, पण बिस्किटांच्या बाबतीत गुळगुळीत गोळा म्हणजे बिघडलेला गोळा.

थांबायचं कुठे, हे नीट सांगतो. ताक ओतल्यावर लाकडी चमच्याने किंवा काट्याने तळापासून वर असं बारा-पंधरा वेळा फिरवा. आता परातीत बघा. एकसंध गोळा दिसणार नाही, ओलसर ढेकळं दिसतील. कडेला थोडा कोरडा मैदा असेल. ढेकळांत बटरचे पिवळसर तुकडे स्पष्ट दिसतील. बोट लावलं तर चिकटेल. हे बघून अजून जरा मळावंसं वाटतं. मळू नका. उरलेला मैदा पुढे घड्या घालताना आपोआप सामावला जातो.

प्रमाण

सहा सेंटिमीटर व्यासाची साधारण आठ बिस्किटं होतात. मैदा 250 ग्रॅम, बेकिंग पावडर 12 ग्रॅम म्हणजे मापाचे सपाट तीन छोटे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ 4 ग्रॅम, साखर एक छोटा चमचा, फ्रीजमधून थेट काढलेलं बिनमिठाचं बटर 85 ग्रॅम आणि थंड, दाट ताक 180 मिली.

सोडा ताकातल्या आंबटपणासाठी आहे. ताकाऐवजी साधं दूध घेणार असाल तर सोडा पूर्ण वगळा. आंबट काही नसताना घातलेला सोडा तसाच मागे राहतो, बिस्किट पिवळट पडतं आणि साबणासारखं लागतं. ही चव आली की पुष्कळजण बेकिंग पावडरला दोष देतात.

ताक पातळ नको. पाणीदार ताकाने पीठ चिखल होतं, मग वरून मैदा भुरभुरला जातो आणि बिस्किट जड होतं. दाट ताक नसेल तर 120 ग्रॅम दही आणि 60 मिली दूध एकत्र घुसळा. दहीही नसेल तर 165 मिली दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवा. दूध जरासं फाटल्यासारखं दिसेल, तसंच वापरा.

मैदा वजनाने घ्या. कप पिठात खुपसून भरला तर 150 ग्रॅमपर्यंत मावतो, चमच्याने हलका भरून वरून सपाट केला तर 120 ग्रॅम. दोन कपांत 60 ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढ्याने अख्खा घाणा कोरडा होतो. आमच्या पाकिटांवर कपाचं माप छापलेलं नसतं, ते याच कारणाने. छोटा डिजिटल काटा घरात नसेल तर कटर घेण्याआधी तो घ्या. आम्ही दोन्ही विकतो, तरी सल्ला हाच.

बटर म्हणजे मोहन नव्हे

मैद्यात कोरडे जिन्नस मिसळले की बटर घालायचं, ते थंड आणि घट्ट. गरम करून मोहनासारखं ओतलं तर प्रत्येक कणाला तूपट थर बसतो. बिस्किट खुसखुशीत होतं, पण भुसभुशीतही होतं आणि पदर सुटत नाहीत. पदर हवे असतील तर बटरचे तुकडे पिठात तुकडे म्हणूनच राहायला हवेत. ओव्हनमध्ये तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वरचा थर खालच्यापासून सोडवते. बटरमध्ये साधारण 16 ते 18 टक्के पाणी असतं, ते इथे कामाला येतं.

‘तूप चालेल का?’ असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. चालतं, पण तुपात पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे वाफ नाही आणि पदरही नाहीत. घरी काढलेलं लोणी चालतं, मात्र त्यात पाणी जास्त राहतं. ते फडक्यात दाबून निपटून काढा, फ्रीजमध्ये घट्ट करा आणि मग वजन करा.

बटर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जाड खिसणीवर खिसणं ही सगळ्यात खात्रीची पद्धत. खीस मैद्यात पडला की काट्याने किंवा बोटांच्या टोकांनी हलकेच वरखाली करा. तळहात लावू नका, तो गरम असतो आणि बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. काही तुकडे वाटाण्याएवढे, काही रव्यासारखे, असं मिश्रण बरोबर. स्वयंपाकघर फार गरम असेल तर इथेच परात दहा मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा.

घड्या, कापणं, भाजणं

ओव्हन 220 अंशांवर लावा आणि किमान वीस मिनिटं तापू द्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही. आतली हवा लवकर तापते, भिंती आणि ट्रेचा आधार उशिरा.

ढेकळं ओट्यावर काढा, हाताला थोडा मैदा लावा आणि दाबून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा आयत करा. लाटणं नको. आयताची तीन पदरी घडी घाला, पुन्हा दाबा, आडवा फिरवून पुन्हा घडी. तीन वेळा पुरे. पहिल्या घडीला पीठ तुटतं, कडा फाटतात, ते तसंच होतं. तिसऱ्या घडीला आयत बऱ्यापैकी एकसंध दिसतो आणि कडेला बारीक थर मोजता येतात. घडीत पीठ फक्त दाबलं जातं, रगडलं जात नाही, त्यामुळे पदर मिळतात आणि जाळंही फारसं घट्ट होत नाही. चौथ्या-पाचव्या घडीनंतर पीठ हाताखाली मागे खेचायला लागलं, तर ते मळलं गेलं असं समजा. तसं झालंच तर ओला रुमाल टाकून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. थोडं सैल पडतं, पूर्ण सुधारत नाही.

शेवटची जाडी अडीच सेंटिमीटर ठेवा. अर्ध्या इंचाचं पीठ दुप्पट फुललं तरी बिस्किट बुटकंच दिसणार.

कटर सरळ खाली दाबा आणि सरळ वर उचला, पिळू नका. पिळलं की कापलेले थर कडेला एकमेकांत चिकटतात आणि बिस्किट एका बाजूला कलतं. पेल्याची किंवा वाटीची कड बोथट असते, ती कापण्याऐवजी दाबते. आमचा कटर दोन्ही टोकांना उघडा आणि खालून धारदार आहे. तो हाताला लागतो असं काहींनी कळवलं, म्हणून वरची कड आता वळवून दिली आहे. खालची धार आम्ही काढणार नाही. कटर घ्यायचाच असं नाही, धारदार सुरीने चौकोन कापले तरी उत्तम, उलट उरलंसुरलं पीठ राहत नाही. गोल कापून उरलेल्या चिंध्यांचा गोळा न करता त्या शेजारी शेजारी दाबून जोडा. त्यांची बिस्किटं थोडी घट्ट होतात, चव तीच असते.

ट्रेवर बटर पेपर घाला आणि बिस्किटं एकमेकांना टेकवून ठेवा. टेकलेल्या बाजू उशिरा शिजतात, त्यामुळे ती पसरण्याऐवजी वर जातात आणि बाजूने मऊ राहतात. कडा कुरकुरीत आवडत असतील तर दोन बोटं अंतर सोडा, उंची थोडी कमी मिळेल. वरून ताकाचा हात फिरवा, पण ओघळ कडेला जाऊ देऊ नका. मधल्या खणात 14 ते 16 मिनिटं. दहा मिनिटांच्या आत दार उघडू नका.

बिस्किट उकलून बघा

पाकीट बदलून मागताना आम्ही एका बिस्किटाचा मधून उकललेला फोटो मागतो. यावर काहीजण नाराज होतात, अडवणूक वाटते. पण उकललेल्या बिस्किटात दोष लगेच दिसतो आणि तुमचा पुढचा घाणा वाचतो.

मळलेल्या पिठाचं बिस्किट वरून गुळगुळीत, घुमटासारखं असतं. उकलताना तुटत नाही, रबरासारखं ताणलं जातं. बटर वितळलं असेल तर ते पसरलेलं असतं, ट्रेवर तूप सुटलेलं दिसतं आणि तळ तळल्यासारखा होतो. ओव्हन कमी तापला असेल तर बिस्किट फिकट आणि कोरडं. पावडर खरोखर मेलेली असेल तर अख्खा घाणा सारखाच बसका, आतून दाट आणि बिनजाळीचा निघतो, पीठ कितीही हलक्या हाताने कालवलेलं असो. असा फोटो आला की आम्ही आणखी काही न विचारता पाकीट बदलून देतो.

पावडर छोट्या पाकिटात का

मोठा डबा स्वस्त पडेल, हे आम्हालाही मान्य आहे. पण बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल शेजारी शेजारी असतात आणि ओल मिळाली की त्यांचं काम सुरू होतं. ओला चमचा, उकळत्या भांड्यावर धरलेला डबा, सैल झाकण यांनी पावडर हळूहळू डब्यातच खर्ची पडते. म्हणून आम्ही 50 ग्रॅमचीच पाकिटं भरतो, म्हणजे चार घाण्यांपुरती, आणि भरल्याची तारीख पुढच्या बाजूला छापतो. उघडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, फ्रीजमध्ये नको. तिथून बाहेर काढताना थंड बाटलीत दव धरतं.

आमचा मैदा मऊ गव्हाचा आहे, प्रथिनं 9 टक्क्यांच्या आसपास, म्हणून मळण्याची चूक त्यात थोडी सोसली जाते. दुसरा मैदा घरात असेल तर 220 ग्रॅम मैदा आणि 30 ग्रॅम कॉर्नफ्लोअर एकत्र चाळून घ्या, चांगलं जमतं. ब्रेडसाठीचं जास्त प्रथिनांचं पीठ मात्र घेऊ नका.

तयार मिश्रणाच्या पाकिटात बटर का नाही, हेही विचारलं जातं. नुसतं पाणी घाला आणि भाजा, असं मिश्रण विकणं आम्हाला सोपं गेलं असतं. पण त्यासाठी स्निग्धांश आधीच पिठात बारीक मिसळून टाकावा लागतो आणि मग थर सोडवायला तुकडेच उरत नाहीत. आमच्या पाकिटात मैदा, पावडर, सोडा, मीठ आणि साखर मोजून असते. थंड बटर आणि ताक तुमच्या हातचं.

एकदम जास्त करायची असतील तर कापलेली कच्ची बिस्किटं ट्रेवर गोठवा, मग पिशवीत भरून महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवा. भाजताना आधी वितळू देऊ नका, थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला आणि चार-पाच मिनिटं जास्त द्या. गोठलेलं बटर उष्णतेला सामोरं गेल्यामुळे अशा बिस्किटांना पदर चांगले सुटतात. तक्रार कळवायची असेल तर याही बिस्किटाचा उकललेला फोटो आणि पाकिटावरची तारीख पाठवा.