विरजणाचं दही आणि डब्यावरचं ‘प्रोबायोटिक’

गेल्या पावसाळ्यात मावशीला अँटिबायोटिक सुरू झालं आणि चौथ्या दिवशी पोट बिघडलं. डॉक्टरांनी चिठ्ठीत प्रोबायोटिकची पाकिटं वाढवली. भुसावळहून फोन आला, “का रे, म्हणजे दहीच ना? मग मी रोज विरजण लावते ते काय चुलीत घालू?”

दही टाकायचं नव्हतंच. पण दही आणि प्रोबायोटिक एक नव्हे, हे तिला समजावता समजावता माझंच बरंच स्पष्ट झालं.

आधी दही. विरजणात दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाऊन आम्ल करणारे जंतू असतात. आम्लानं दूध घट्ट होतं. पण ते जंतू नेमके कोणते, हे घरोघरी वेगळं. डेअरीतल्या योगर्टमध्ये दोन ठरलेले असतात, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस. त्यांना ४२ ते ४५ अंशांची ऊब लागते. (म्हणजे जळगावचा मे महिना! बाहेर ठेवलेलं दही दुपारपर्यंत आंबट का होतं ते यात आलं.) घरच्या दह्यात बहुतेकदा थोडी कमी ऊब चालणारे लॅक्टोकोकस असतात, सोबत आणखी कोणीही. थंडीत तेही आळसावतात, म्हणून भांडं गोधडीत गुंडाळायचं. शेजारणीकडून विरजण आणलं की जंतूंची अख्खी पंगतच बदलते. चव बदलते ती त्यामुळेच.

प्रोबायोटिक या शब्दाला मात्र अटी आहेत. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी त्या ठरवल्या: जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येनं पोटात जायला हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा व्हायला हवा. तिसरी अट दह्याला अडवते. फायदा तपासायचा तर जंतूचं वाण माहीत हवं. केळी लावणाऱ्याला विचारा, तो नुसतं ‘केळी’ म्हणून थांबणार नाही. श्रीमंती, बसराई की ग्रँड नैन ते सांगेल. जंतूंचंही तसंच. ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढ्यानं भागत नाही. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांवर अभ्यास झाले ते लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या ‘जीजी’ या वाणावर, किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टवर. ही मंडळी मावशीच्या विरजणात असतील असं धरून चालता येत नाही. उलट, डब्यावर नुसतं ‘प्रोबायोटिक’ छापलंय आणि वाणाचा पत्ताच नाही, तर त्या छपाईला मी फारसं महत्त्व देत नाही.

आता पोटात काय होतं? योगर्टमध्ये एका ग्रॅमला १० कोटी जिवंत जंतू धरले, तर १०० ग्रॅमच्या वाटीत झाले १००० कोटी. आकडा मोठा वाटतो, पण माणसाच्या अंगातल्या जंतूंचा अंदाज आहे ३८ लाख कोटींचा, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. शिवाय वाटीतले बरेच जठरातल्या आम्लातच गळतात. उरलेले आपल्याकडच्या रोजंदारीच्या मजुरासारखे: येतात, काम करतात, जातात. सालदार होऊन राहत नाहीत. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुळ्या बहिणींच्या सात जोड्यांनी सात आठवडे पाच वाणांचं आंबवलेलं दूध घेतलं. त्यांच्या आतड्यातल्या जातींची मांडणी जवळपास होती तशीच राहिली.

पण मजूर रोजाचा असला म्हणून काम वाया जात नाही. योगर्टचे जंतू लॅक्टोज फोडणारं विकर सोबत आणतात, म्हणून दुधानं पोट फुगणाऱ्यांना ते सोसतं. हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० साली मान्य केला, ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जंतूंच्या अटीवर. आणि २०२१ साली स्टॅनफर्डच्या अभ्यासात ज्यांनी दहा आठवडे दही, केफिर (एक आंबवलेलं दूध), आंबवलेल्या भाज्या असं भरपूर खाल्लं, त्यांच्या आतड्यातली विविधता वाढली. गंमत अशी की, वाढलेल्या जाती बहुतांशी त्या खाण्यातल्या नव्हत्याच. मजूर आले आणि शिवारातली दुसरीच माणसं कामाला लागली, असं काहीसं.

सालदारांचं, म्हणजे आतड्यात कायम राहणाऱ्या जंतूंचं, पोट मात्र दह्यानं भरत नाही. त्यांना आपल्याला न पचणारा चोथा लागतो. कळण्याची भाकरी, कांदा, लसूण, कच्च्या केळीची भाजी यांतून तो मिळतो. त्याला प्रीबायोटिक म्हणतात. प्रो आणि प्री यांचा घोळ वेगळाच, तो इथे काढत नाही.

हे सगळं ऐकून मावशीनं विचारलं, “आणि कढी?” कढी उकळली की जंतू मेले. चव राहते, प्रथिनं राहतात, पण जिवंत काही उरत नाही. मठ्ठा चालेल.

मग मी तिला पाकिटं घ्यायलाच सांगितली, आणि दहीही खायला. फक्त दही अँटिबायोटिकच्या गोळीसोबत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लीनच्या गोळीला दुधादह्यातलं कॅल्शियम चिकटतं आणि औषध कमी शोषलं जातं. मावशीची गोळी त्यातलीच निघाली. सकाळची गोळी आणि दशम्यांसोबतचं दही ती एकदमच घेत होती. दही दुपारच्या जेवणावर गेलं.